घटना घडण्याआधी उभी करायची मदत: सामूहिक हिंसाचारातल्या पीडितांसाठी तयारी कशी करावी

एका सरावात मला बेपत्ता मुलीच्या मावशीची भूमिका दिली होती. गर्दीच्या ठिकाणी गोळीबार झालाय, भाची तिथे होती, तिचा फोन लागत नाही, एवढंच मला सांगितलं होतं. मदत केंद्राच्या दारात एका स्वयंसेवकाने भाचीचं नाव, वय, कपड्यांचा रंग विचारून लिहून घेतला. आत नोंदणीच्या टेबलावर पुन्हा तेच. मग पोलिसांच्या टेबलावर. मग समुपदेशकाकडे, मग रुग्णालयांशी संपर्क ठेवणाऱ्या माणसाकडे. पाचव्यांदा सांगताना माझा आवाज चढला आणि हात थरथरायला लागले. हे सगळं लुटुपुटीचं आहे, हे मला पक्कं ठाऊक असताना! ते पाचही जण मनापासून काम करत होते, पण पाच जणांचे कागद पाच होते आणि ते एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

गोळीबार, बॉम्बस्फोट, गर्दीत घातलेली गाडी, चाकूहल्ला अशा एकाच घटनेत अनेक माणसं बळी पडतात तेव्हा त्यांच्या मागे उभं राहणारी व्यवस्था आधीच तयार ठेवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर नव्याने आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तुम्ही प्रशासनात असाल, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात असाल, एखाद्या संस्थेत किंवा महाविद्यालयात असाल. पुढे जे जे सांगितलंय ते एका गोष्टीसाठी आहे: प्रत्येक कुटुंबाला एक ओळखीचा माणूस, एक ठिकाण, आणि प्रश्न एकदाच. हल्ला थांबवणं आपल्या हातात नसतं. हल्ल्यानंतर कुटुंबाला जे हाल सोसावे लागतात, त्यातले बरेचसे मात्र आपण टाळू शकतो.

पहिली पायरी: पीडित कोण, याची यादी करा

नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर मृत आणि जखमी येतात. यादी तिथेच थांबली की पुढची सगळी आखणी तोकडी पडते. लास वेगासमध्ये १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री संगीत महोत्सवावर गोळीबार झाला तेव्हा मैदानात सुमारे २२ हजार माणसं होती. पुढे मृतांचा आकडा ६० वर गेला, शेकडो जखमी झाले. पण ज्यांना ओरखडाही उठला नाही, जे शेजारच्या माणसावर आडवे पडून राहिले, अनोळखी जखमीला गाडीत घालून रुग्णालयात सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी परतले, त्यांची संख्या कितीतरी मोठी होती. अशा माणसांचं नाव कुठल्याच रुग्णालयाच्या नोंदवहीत येत नाही. त्यांना शोधायचं कसं, हे तिकीटविक्रीची नोंद, आयोजकांकडचे ईमेल, जाहीर आवाहन अशा मार्गांनी आधीच ठरवून ठेवावं लागतं.

म्हणून कागदावर वर्तुळं काढा. आत मृतांचे कुटुंबीय आणि जखमी. मग तिथे हजर असलेले पण जखमी न झालेले. मग प्रत्यक्षदर्शी, आसपासचे दुकानदार, रहिवासी. मग पोलीस, रुग्णवाहिकेचे चालक, परिचारिका, आणि ज्यांची आठवण सर्वांत शेवटी येते ते: शवागारातले कर्मचारी, फोन उचलणारे, दुसऱ्या दिवशी ती जागा धुणारे सफाई कामगार. हल्लेखोराचं कुटुंबही बहुतेक वेळा या धक्क्यात असतं. त्यांना मदत द्यायची असेल तर ती वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसांकडून. दोन्ही कुटुंबं एका प्रतीक्षागृहात येता कामा नयेत.

प्रत्येक वर्तुळापुढे लिहा: ही माणसं कुठे भेटतील, त्यांना पहिल्या दिवशी काय लागेल, कोण पुरवेल. ज्या वर्तुळापुढचा रकाना रिकामा राहील, तिथून कामाला लागा.

दुसरी पायरी: माणसं आणि करार

पीडित सहाय्याचा एक प्रमुख हवा आणि तो पदावरून ठरलेला हवा. नावावरून ठरवला तर बदली झाली की आराखडा पोरका होतो. त्याला दोन पर्यायी माणसं हवीत, कारण घटना सुट्टीच्या दिवशी घडू शकते आणि काम आठवडाभर अहोरात्र चालू शकतं. या प्रमुखाला मुख्य नियंत्रण कक्षात खुर्ची मिळालीच पाहिजे. तपास, वाहतूक, सुरक्षा यांचे निर्णय तिथे होतात, आणि ‘नातेवाइकांना काय सांगायचं’ हा प्रश्न विचारणारं तिथे कोणी नसेल तर तो प्रश्न कोणाला सुचतच नाही. या खुर्चीसाठी भांडावं लागलं तरी भांडा.

मग करार. पोलीस, रुग्णालयं, शवागार, समुपदेशकांच्या संस्था, दुभाषी, शाळा, वाहतूक, निवासाची सोय करणारे, वेगवेगळ्या धर्मांचे जाणकार, परदेशी नागरिकांसाठी वकिलाती. तोंडी ‘आम्ही आहोतच’ याला त्या दिवशी काही किंमत नसते. किती माणसं, किती तासांत, खर्च कोणाचा, आणि त्यांच्याकडची माहिती कोणाला द्यायची, हे चार मुद्दे प्रत्येक करारात असू द्या. चौथा सर्वांत अवघड. रुग्णाचं नाव रुग्णालयाने मदत केंद्राला सांगावं की नाही, यावर गोपनीयतेचे कायदे आडवे येतात. कायदा काय परवानगी देतो आणि कोणत्या संमतिपत्राने वाट मोकळी होते, हे वकिलांना शांतपणी बसवून ठरवून घ्या. मध्यरात्री दारात आई उभी असताना हा वाद सुटत नाही.

फोन नंबरांची यादी कागदावरही ठेवा, आणि वर्षातून दोनदा प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. यादी किती लवकर शिळी होते, ते पहिल्याच खेपेला कळेल.

तिसरी पायरी: जागा

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या काही तासांत सुटका झालेली माणसं आणि शोधत आलेली माणसं एकमेकांना भेटावीत म्हणून पुनर्भेटीची जागा लागते. ती घटनास्थळापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण पोलिसांच्या घेऱ्याबाहेर असते. दुसरं म्हणजे कुटुंब सहाय्य केंद्र. ते एक-दोन दिवसांत उभं राहतं आणि काही आठवडे चालतं. नोंदणी, ओळख पटवण्याची माहिती, समुपदेशन, प्रवास, आर्थिक मदतीचे अर्ज, हे सगळं त्याच्या एकाच छताखाली यायला हवं.

केंद्रासाठी किमान तीन जागा आधीच पाहून ठेवा. रुग्णालयाच्या आवारात नको, कारण तिथे आधीच गर्दी उसळलेली असते. घटनास्थळ दिसेल अशा ठिकाणी नको. चालू शाळा नको, चार दिवसांनी ती रिकामी करावी लागते. आत येण्यासाठी कॅमेऱ्यांच्या नजरेबाहेरचं दार हवं. चाकाची खुर्ची सहज जाईल असे रस्ते आणि स्वच्छतागृहं हवीत. प्रार्थनेसाठी कोणत्याही एका धर्माची खूण नसलेली खोली, मुलांसाठी वेगळी खोली आणि तिथे पडताळणी झालेले सांभाळणारे हवेत. टीव्ही लावूच नका.

आता एक गोष्ट, जी मला एका शवागारात काम केलेल्या बाईंनी सांगितली आणि तेव्हापासून मी प्रत्येक जागा त्याच नजरेने पाहते. मोठ्या दालनात सगळी कुटुंबं वाट पाहत बसलेली असतात. एकेका कुटुंबाला बोलावून बाजूच्या खोलीत नेतात आणि मृत्यूची बातमी देतात. दोन-तीन कुटुंबं त्या दारातून आत गेली, आतून आक्रोश ऐकू आला, आणि ती माणसं परत आली नाहीत, की उरलेल्या सगळ्यांना त्या दाराचा अर्थ कळतो. त्यानंतर कोणीही कर्मचारी हातात कागद घेऊन दालनात शिरला, तरी सगळं दालन श्वास रोखतं. चहा विचारायला आलेल्या माणसाकडेही लोक तशाच नजरेने बघतात. म्हणून प्रत्येक कुटुंबाला शक्य तितक्या लवकर स्वतंत्र लहान खोली द्या. तेवढ्या खोल्या नसतील, तर निदान वेगवेगळ्या कारणांसाठी सगळ्याच कुटुंबांना आळीपाळीने आत-बाहेर नेत राहा. कधी माहितीसाठी, कधी जेवणासाठी, कधी फक्त पाच मिनिटं निवांत बसायला. बातमी सांगायच्या खोलीला बाहेर जायचं दुसरं दार असू द्या आणि भिंतींतून आवाज जातो का, ते आधी कोणाला तरी आत बोलायला लावून तपासा.

सामानाची एक पेटी बंद करून ठेवा: छापील अर्ज, पेनं, सगळ्या प्रकारचे चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, रुमाल, पाणी, ओळखपत्रांच्या दोऱ्या, दिशादर्शक पाट्या, कोरी वही. चार्जर किरकोळ वाटतो. पण बेपत्ता मुलाचा फोन येईल या आशेवर बसलेल्या बापाच्या मोबाइलची बॅटरी तीन टक्क्यांवर आली की त्याला दुसरं काही सुचत नाही.

चौथी पायरी: नावांची एकच वही

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घाला.

मँचेस्टरमध्ये २२ मे २०१७ रोजी संगीत कार्यक्रम संपता संपता स्फोट झाला आणि २२ जणांचा बळी गेला. जखमी शहरातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांत विभागून नेले गेले. अशा वेळी नातेवाइकांनी ज्या हेल्पलाइनवर फोन करायचा, तिची तांत्रिक यंत्रणा त्या रात्री चाललीच नाही. माणसं आपल्या माणसांना शोधत एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत राहिली. या हल्ल्यानंतरच्या मदतकार्याचा आढावा घेणाऱ्या, मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केर्स्लेक अहवालात याची स्पष्ट नोंद आहे. धडा साधा आहे: हेल्पलाइनला दुसरी हेल्पलाइन हवी, आणि दोन्ही दर काही महिन्यांनी खरोखर फोन लावून तपासलेल्या हव्यात.

पण फोन उचलला गेला तरी काम संपत नाही. एका बेपत्ता माणसासाठी आई, मित्र, घरमालक, ऑफिसातला सहकारी असे चार-पाच जण फोन करतात. कोणी पाळण्यातलं नाव सांगतं, कोणी टोपणनाव, कोणी आडनाव चुकीचं. दुसरीकडे रुग्णालयात तोच माणूस ‘अनोळखी पुरुष, अंदाजे तीस’ म्हणून बेशुद्ध पडलेला असतो. या टोकाची यादी त्या टोकाशी जुळवणारा गट वेगळा लागतो. फोन घेणाऱ्यांकडूनच हे काम करून घेऊ नका. त्यांच्या अर्जात हे रकाने असू द्या: पूर्ण नाव आणि त्याची अक्षरं एकेक करून; हाक मारायचं नाव; जन्मतारीख; शेवटचं बोलणं कधी, कुठून; अंगावरच्या खुणा, गोंदण, दागिने, चष्मा; फोन करणाऱ्याचं नाव, नातं आणि परत फोन करायचा नंबर. प्रत्येक बेपत्ता व्यक्तीला एकच क्रमांक द्या आणि पुढच्या सगळ्या कागदांवर तोच घाला. माणूस सुखरूप सापडला की आधी फोन केलेल्या प्रत्येकाला ते कळवून यादीतून नाव काढा. हे राहून जातं आणि पोलीस दोन दिवस घरी बसलेल्या माणसाला शोधत राहतात.

ओळख पटवणं हे वेगळं शास्त्र आहे आणि ते तुमचं काम नाही. पण कुटुंबाला ते समजावून सांगणं तुमचंच काम आहे. इंटरपोलच्या पद्धतीत ओळखीची मुख्य साधनं तीन: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. कुटुंबाकडून घेतलेली माहिती पिवळ्या अर्जात जाते, मृतदेहाच्या तपासणीतली गुलाबी अर्जात, आणि दोन्ही जुळल्यावरच नाव जाहीर होतं. चेहरा पाहून, कपडे पाहून किंवा खिशातल्या ओळखपत्रावरून पटवलेली ओळख चुकू शकते, कारण जखमांनी चेहरा बदलतो आणि पळापळीत पाकिटं, पिशव्या, जॅकेटं एकमेकांकडे जातात. एक चूक झाली तर दोन कुटुंबं उद्ध्वस्त होतात.

कुटुंबाला मात्र हे सगळं निव्वळ विलंब वाटतं. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये १५ मार्च २०१९ रोजी दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ जणांचा मृत्यू झाला. इस्लाममध्ये दफन शक्य तितक्या लवकर व्हावं अशी श्रद्धा असते. पहिली दफनं झाली ती पाच दिवसांनी, २० मार्चला. अशा वेळी ‘प्रक्रिया चालू आहे’ एवढंच सांगणं क्रूर ठरतं. काय चाललंय, त्याला वेळ का लागतो, आज काय झालं, उद्या काय होणार, हे दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, सगळ्या कुटुंबांना एकत्र सांगा. नवीन काही नसेल तरी वेळ पाळा आणि ‘सकाळपासून नवीन काही नाही’ असंच सांगा. माणसं वाईट बातमी सोसतात, पण कोणी काहीच सांगत नाही हे सोसत नाहीत. आणि कुटुंबांना जे सांगायचं ते पत्रकारांच्या आधी सांगा, पाच मिनिटं तरी आधी.

इथेच सुरुवातीचा तो एक माणूस येतो. प्रत्येक मृताच्या आणि गंभीर जखमीच्या कुटुंबाला एक संपर्क-सहायक नेमून द्या. त्याचं नाव आणि थेट नंबर कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. कुटुंबाच्या वतीने पाच टेबलांवर तो जाईल, कुटुंब जाणार नाही. एका सहायकाकडे दोनपेक्षा जास्त कुटुंबं देऊ नयेत असं माझं मत आहे. तुमच्या भागात मोठी घटना घडली तर असे किती जण लागतील, याचा हिशेब आजच करा आणि तेवढ्यांचं प्रशिक्षण सुरू करा.

पाचवी पायरी: मृत्यूची बातमी

ज्यांच्यावर हे काम येणार आहे त्यांच्याकडून ते आधी मोठ्याने बोलून घ्या, पुन्हा पुन्हा. समोरासमोर सांगायचं, फोनवर नाही. दोघांनी जायचं. समोरचा माणूस तोच आहे ना, हे नाव विचारून पक्कं करायचं. सगळे बसल्यावर, दोन-तीन वाक्यांत, साध्या शब्दांत सांगायचं.

साधे शब्द म्हणजे कोणते? आपल्या भाषेत मृत्यूभोवती पडदे फार. ‘ते गेले’, ‘आपल्यात राहिले नाहीत’, ‘देवाघरी गेले’, ‘वाईट झालं’. घरच्या बैठकीत हे शब्द मायेचे असतात. पण ज्या बाईचे कान आशेला चिकटलेले आहेत, ती ‘गेले’ ऐकून विचारते, ‘कुठे गेले? कुठल्या हॉस्पिटलला?’ आणि मग तुम्हाला तेच दुसऱ्यांदा सांगावं लागतं. म्हणून नाव घेऊन म्हणा, ‘त्यांचा मृत्यू झाला आहे.’ मग गप्प बसा. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. ‘मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय’ म्हणू नका, ‘निदान त्रास झाला नाही’ असंही नाही, कारण ते तुम्हाला माहीत नसतं. विचारतील तेवढ्याची खरी उत्तरं द्या, ठाऊक नसेल ते विचारून सांगतो म्हणा आणि खरंच सांगा. पुढच्या गोष्टी लिहून द्या. त्या क्षणी ऐकलेलं फारसं लक्षात राहत नाही. त्यांच्यासोबत आणखी कोणी आल्याशिवाय तिथून उठू नका.

दुभाष्याची गरज असेल तर प्रशिक्षित दुभाषी आणा. घरातल्या बारा वर्षांच्या मुलाला भाषा येते म्हणून त्याच्या तोंडून त्याच्याच आईला बापाचा मृत्यू सांगायला लावू नका.

सहावी पायरी: मनाचा प्रथमोपचार

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये भागीदार संस्थांसह मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिचा गाभा तीन क्रियांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. धोका आहे का, कोणाला तातडीची गरज आहे ते पाहा. जवळ जाऊन विचारा आणि सांगतील तेवढं ऐका. मग त्यांच्या माणसांशी, माहितीशी, सेवेशी जोडून द्या. हे करायला मानसोपचाराची पदवी लागत नाही, त्यामुळे दारावरच्या सुरक्षारक्षकापासून सगळ्यांना ते शिकवता येतं.

घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोलात बसवून ‘काय पाहिलंत ते सांगा’ असं बोलतं करायचा उत्साह अनेकांना असतो. तो आवरा. अशा एकदाच घेतलेल्या सक्तीच्या बैठकीचा उपयोग होत नाही असं संशोधन सांगतं, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करत नाही. ज्याला बोलायचं असेल त्याला ऐकणारा मिळावा, ज्याला नाही त्याला गप्प बसू द्यावं. मानसशास्त्रज्ञ स्टीवन हॉबफॉल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडलेली पाच सूत्रं मला रोजच्या कामाला बरी वाटतात: सुरक्षितता, मन निवणं, आपण काही करू शकतो ही जाणीव, आपल्या माणसांचा सहवास, आणि आशा. तिसऱ्याकडे फार दुर्लक्ष होतं. सगळं आपणच करून देण्याच्या भरात आपण माणसाच्या हातून शेवटची निवडही काढून घेतो. बसायचं कुठे, आधी कोणाला फोन करायचा, आज अर्ज भरायचा की उद्या, हे त्यांना ठरवू द्या.

पहिल्या दिवसांत झोप न येणं, दचकणं, रडू न येणं, राग, हे सगळं अपेक्षित आहे आणि बहुतेकांचं ते हळूहळू ओसरतं. महिन्यानंतरही ते तसंच राहिलं किंवा वाढलं, तर तज्ज्ञांकडे पाठवायचं. कोणत्या तज्ज्ञांकडे, ही यादी आज करा, आणि आघातावरच्या उपचारांचं प्रशिक्षण त्यांनी घेतलंय का हे विचारून मगच नाव घाला.

सातवी पायरी: पैसा

पहिल्याच दिवशी लागणारे खर्च: प्रवास, निवास, मृतदेह गावी नेणं, अंत्यविधी, बुडालेली मजुरी. यासाठी अर्जाची तपासणी न लांबवता देता येईल असा तातडीचा निधी कोणाकडे, किती, आणि कोणाच्या सहीने, हे ठरवा. सरकारी भरपाईच्या योजना देशोदेशी वेगळ्या. फ्रान्समध्ये १९८६ पासून दहशतवादाच्या बळींसाठी हमी निधी आहे आणि विमा करारांवरच्या छोट्या आकारणीतून त्यात पैसा जमतो, म्हणजे घटना घडण्याआधीच तो उभा असतो. तुमच्याकडे काय आहे, मुदत किती, कागद कोणते, हे एका पानावर सोप्या भाषेत उतरवून ठेवा.

लोकांच्या देणग्यांचा ओघ लगेच सुरू होतो, आणि त्याबरोबर खोटे निधीही. म्हणून अधिकृत खातं पहिल्या दिवशीच जाहीर व्हायला हवं. बोस्टन मॅरेथॉनवरचा हल्ला १५ एप्रिल २०१३ चा, ‘वन फंड बोस्टन’ची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली, आणि जूनअखेर सुमारे ६ कोटी १० लाख डॉलर वाटले गेले. वाटपाआधी जाहीर बैठका घेऊन निकष लोकांसमोर ठेवले होते. रुग्णालयात किती रात्री काढल्या हाही त्यातला एक निकष होता. असा निकष मोजायला सोपा असतो, पण ज्याला शरीराची जखम नाही आणि मन मोडलंय तो त्यात बसत नाही. तुमच्या निकषांत त्याची जागा कुठे, यावर चर्चा आधी करा, कारण पैसा आल्यावर ती चर्चा भांडण होते.

स्वयंसेवक, भेटवस्तू, कॅमेरे

आपणहून आलेल्या माणसांची नोंद आणि पडताळणी केंद्रापासून दूर दुसऱ्या ठिकाणी करा, ओळखपत्राशिवाय कोणीही कुटुंबांजवळ जाणार नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यूटाउनच्या शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर त्या छोट्या गावात ६० हजारांहून अधिक टेडी बेअर येऊन पडले. त्यामागचं प्रेम खरं होतं, पण ते ठेवायला गोदामं लागली. काय हवं आणि काय नको, हे पहिल्या निवेदनातच सांगा.

पत्रकारांना वेगळी जागा आणि ठरलेल्या वेळी माहिती द्या. कुटुंबाला सांगा की ‘नाही’ म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि बोलायचं असेल तर सोबत कोणीतरी बसेल.

आठवी पायरी: मागे राहिलेल्या वस्तू

पळताना माणसं चपला, पिशव्या, फोन, औषधं, घराच्या किल्ल्या टाकून जातात. ती जागा तपासासाठी बंद होते. तिथे पडलेले फोन तासन्‌तास वाजत राहतात आणि पडद्यावर ‘आई’ असं दिसत राहतं. ते पाहिलेल्या कर्मचाऱ्यांना तो आवाज वर्षानुवर्षं सोडत नाही. या पाळीनंतर त्यांच्याजवळ बसायला माणूस ठेवा.

वस्तू परत करण्याची पद्धत पोलिसांबरोबर बसून लिहा. काय पुराव्यात राहील, काय कधी मिळेल. कपडे रक्ताने माखलेले असतील तर कुटुंबाला आधी विचारा: धुऊन देऊ, जसे आहेत तसे देऊ, की आम्हीच विल्हेवाट लावू? धुतलेल्या सदऱ्याला आता त्याचा वास येत नाही म्हणून एखादी आई कोसळू शकते, आणि दुसरीला न धुतलेला सदरा बघवणार नाही. विचारल्याशिवाय काहीही करू नका. साध्या चांगल्या खोक्यात ठेवून, आत काय आहे ते आधी सांगून, हातात द्या. प्लास्टिकच्या कचरापिशवीतून कधीही नाही.

नववी पायरी: केंद्र बंद झाल्यावर

नॉर्वेत २२ जुलै २०११ रोजी ओस्लो आणि उटोया बेटावरच्या हल्ल्यांत ७७ जण मारले गेले. बेटावरच्या शिबिरातली तरुण मुलं देशभरातून आली होती, त्यामुळे वाचलेली मुलं देशभर पांगली. तिथे प्रत्येक नगरपालिकेने आपल्या हद्दीतल्या वाचलेल्यांशी स्वतःहून संपर्क साधायचा, प्रत्येकाला एक ठरलेली संपर्क-व्यक्ती द्यायची आणि निदान वर्षभर पाठपुरावा करायचा, अशी योजना आखली गेली. पाच-सहा आठवडे, तीन महिने आणि एक वर्ष या टप्प्यांवर विचारपूस ठरलेली होती. ‘गरज वाटली तर या’ असं सांगणारी व्यवस्था आणि ‘आम्ही फोन करू’ म्हणणारी व्यवस्था, यांत मला दुसरीच पटते. धक्क्यातला माणूस मदत मागायला उठतोच असं नाही. पहिल्यांदा नको म्हणणाराही चौथ्या महिन्यात हो म्हणतो.

लास वेगासमध्ये कुटुंब सहाय्य केंद्र आवरताना त्याच महिन्यात दीर्घकालीन मदतीचं वेगळं केंद्र सुरू झालं. दोन्हींमध्ये पोकळी पडू दिली नाही. तुमच्या आराखड्यातही पहिलं केंद्र बंद होण्याची तारीख आणि दुसरं उघडण्याची तारीख एकाच ओळीत लिहा. पुढच्या अवघड तारखाही मांडून ठेवा: आरोपपत्र, साक्षी, निकाल, वर्षदिन, शाळेचा पहिला दिवस, दुसरीकडे कुठे तशीच घटना घडल्याची बातमी. त्याआधी कुटुंबांना कळवा, न्यायालयात सोबत जा, चित्रफीत दाखवली जाणार असेल तर आधी सांगा म्हणजे त्यांना बाहेर जाता येईल.

दहावी पायरी: सराव

वर्षातून एकदा तरी पूर्ण सराव करा, आणि त्यात निम्मी माणसं ‘कुटुंबीय’ असू द्या. बहुतेक सरावांत बंदुका, रुग्णवाहिका आणि शिट्ट्या असतात आणि दोन तासांत सगळे घरी जातात. पीडित सहाय्याचं काम तर तेव्हा सुरू होतं. ‘कुटुंबीयां’त एक कमी ऐकू येणारा, एक भाषा न येणारी, एक चार वर्षांचं मूल घेऊन आलेली, एक घटस्फोटित जोडपं जे एकाच मुलासाठी वेगवेगळं आलंय, असे घाला. एकाला मुद्दाम चिडायला सांगा. एका बेपत्ताचं नाव दोन प्रकारे लिहिलं जाईल अशी सोय करा. रात्री दहाला हेल्पलाइन बंद पाडा. पाळी बदलताना जुना सहायक नव्याला काय सांगतो ते शेजारी बसून ऐका.

संपल्यावरच्या बैठकीत अधिकाऱ्यांच्या आधी ‘कुटुंबीयांना’ बोलू द्या. त्या दिवशी मी बोलले तेव्हा पाचही टेबलांवरची माणसं समोर होती. नोंदणीवरच्या मुलाने आपला कागद काढला, पोलिसांच्या टेबलावरच्या बाईंनी त्यांचा काढला, आणि दोघांनी ते शेजारी ठेवले. एकात माझ्या भाचीच्या कपड्यांचा रंग निळा होता, दुसऱ्यात हिरवा. पुढच्या सरावात टेबल एकच होतं.